यादीत न बसलेली हरकत

लातूर नुकता जिल्हा झाला होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही रुसला होता. कलेक्टर आले, एस.पी. आले, निरनिराळ्या खात्यांचे साहेब आपापली कपाटं ट्रकमध्ये घालून उस्मानाबादहून आले. पाणी तेवढं आलं नाही. मी तेव्हा लातुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि माझ्या विधवा आत्याकडे राहत होते. आमचं घर निलंग्याचं, लिंगायत. तिथं अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गुळाच्या दलालीची पेढी, अडत, होती. आत्या अप्पांची थोरली बहीण. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि तोंडात कुणाचीही भीड न ठेवणारी जीभ.

शाळेतली विहीर आटली म्हणून सरकारनं बोअर मंजूर केला आणि जागा दाखवायला नांदेडहून एक भूवैज्ञानिक आला. तो मूळचा नायगावचा, जातीनं मराठा. त्यानं पेटीतलं यंत्र मांडलं, तारा पसरल्या, दुपारभर उन्हात वह्या भरल्या आणि शेवटी एका जागी चुन्यानं फुली मारली. आठ दिवसांनी बोअरची गाडी आली. अख्खी शाळा खिडकीला लटकली होती. फुलीच्या जागेतून पांढऱ्या धुळीचा लोट निघाला तो थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या अंगावर. पोरी टाळ्या पिटून हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर म्हणाला, “इथं पाणी असायला पाहिजे होतं.”

“तांब्यात आहे,” मी म्हणाले.

नंतर तो दुसरी जागा बघायला आला, मग तिसरी. तिसऱ्या जागी बऱ्यापैकी पाणी लागलं, पण तो चौथ्यांदाही आला. त्याला आता कारण उरलं नव्हतं, म्हणून आम्ही लग्नाचं ठरवलं. एकांतात मी त्याला अरे-तुरे करायची आणि आत्यासमोर अहो-जाहो. आत्याला दोन्ही ठाऊक होतं.

घरी सांगितल्यावर अप्पा पहिल्यांदा म्हणाले ते हे: “ज्याला जमिनीत पाणी गावंना, त्याला मी पोरगी द्यायची?” मग म्हणाले, करायचंच असलं तर निलंग्यात, आपल्या स्वामींच्या हातून. तिकडे त्याची आई, तो तिला माय म्हणायचा, नायगावला शेती एकटीनं हाकणारी उंच बाई, तीही नाही म्हणाली नाही. तिनं फक्त सांगितलं की, लग्न नायगावच्या मारुतीपुढं लागेल आणि नवरीची माणसं तिकडं येतील. अप्पा नायगावला जायला तयार नव्हते, माय निलंग्याला यायला तयार नव्हती. दोन महिने निरोप येत-जात राहिले. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की, लग्न रजिस्टर करायचं. ना तुमचा स्वामी, ना तुमचा मारुती.

“रजिस्टर म्हंजी?” मायनं लेकाला विचारलं. “मांडव न्हाई, हळद न्हाई, वाजाप न्हाई. लोकाला कळणार कसं?”

“कचेरीत नोटीस लावतात, माय.”

“नोटीस जप्तीची लावतात,” माय म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली.

लातूरची रजिस्ट्री कचेरी तेव्हा एका भाड्याच्या जुन्या गोडाउनात होती. जमिनीची दस्त नोंदणी करणारे साहेबच विवाह अधिकारी. बारीक अंगाचे, रिटायर व्हायला आलेले, उस्मानाबादहून बदली होऊन आलेले. इथल्या बिऱ्हाडात नळाला पाणी नव्हतं म्हणून जिल्हा झाल्याचा त्यांना मनापासून राग होता. त्यांनी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. दोघांपैकी एकानं निदान महिनाभर या जिल्ह्यात राहिलेलं असावं, मी होते. नोटीस फळ्यावर महिनाभर लागते. नवरामुलगा नांदेड जिल्ह्याचा म्हणून एक प्रत तिकडच्या कचेरीत जाते. कुणाची हरकत आली तर चौकशी. नाही आली तर तीन साक्षीदार घेऊन या.

“आणि जात?” मी विचारलं.

“जातीचा रकाना नाही,” साहेब म्हणाले. “धर्माचाही अडसर नाही. वय, आधीचं लग्न, नातं आणि डोकं ठिकाणावर असणं, एवढंच बघतो मी.”

मला तो कायदा फार सभ्य वाटला. अडचण फळ्याची होती. जिल्हा झाल्यापासून गावाच्या कडेच्या सगळ्या रानांत प्लॉट पडले होते, त्यामुळे खरेदीखतासाठी रजिस्ट्रीत रोज जत्रा. नंबर लागेपर्यंत करायचं काय, म्हणून माणसं फळा वाचायची. लातुरात तेव्हा त्याच्याइतकं वाचलं जाणारं दुसरं काही नव्हतं. आणि माझे काका, अप्पांचे धाकटे भाऊ, नेमके प्लॉटच्याच धंद्यात, आणि रजिस्टरचं निलंग्यात अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आत्यानं त्यावर उपाय काढला. सकाळचं आवरलं की ती छत्री घेऊन कचेरीत जायची आणि आमच्या नोटिशीला पाठ लावून उभी राहायची. उन्हाळा असल्यानं छत्री उघडी. शिपाई म्हणायचा, “आजी, बाजूला सरका, सरकारी कागद हाय.”

“मी कुठं खायलेय तुझा कागद? सावलीला उभी हाय.”

“सावली तिकडं हाय.”

“माझी सावली माझ्यासोबत हाय,” म्हणून ती छत्री दाखवायची.

हे बरेच दिवस चाललं. साहेबांनी एकदा खिडकीतून पाहिलं आणि मान आत घेतली. नोटीस ठळक जागी लागली होती, हे खरंच होतं. तिच्यासमोर कोण उभं राहावं, याबद्दल कायदा गप्प होता. पण एका सोमवारी आत्याला ताप आला आणि त्याच सोमवारी काकांचा नंबर लागायला उशीर झाला.

काकांनी नोटीस वाचली, परत वाचली आणि तडक साहेबांच्या टेबलाशी गेले. पुढचं मला खुद्द साहेबांनी सांगितलं. काका म्हणाले, “माझी हरकत हाय. मुलगा लिंगायत न्हाई.”

“ही हरकत चालत नाही.”

“नोकरी फिरतीची हाय.”

“तीही नाही.”

“साहेब, त्याचे दोन बोअर कोरडे गेलेत.”

साहेबांनी चालणाऱ्या हरकतींची यादी वाचून दाखवली. काकांनी प्रत्येकीवर विचार केला. वय पूर्ण होतं. आधीचं लग्न नव्हतं. नात्यात तर नव्हतंच, तेच तर दुखणं होतं. शेवटी एकच उरली. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “लिहा. मुलगी येडी हाय.”

तशी लेखी हरकत आली म्हटल्यावर साहेबांना चौकशी टाळता येईना. मला कचेरीतून बोलावणं आलं. भूगोलाच्या तासाला शिपाई दारात उभा राहून म्हणाला, “बाई, तुम्ही येड्या हाव का न्हाई ते बघायला साहेबांनी बोलावलंय.” वर्गातल्या पोरींनी इतक्या आदरानं माझ्याकडे याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आत्या तापातून उठली. तिनं निलंग्याच्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ अप्पांना तोंडी निरोप दिला: तुझ्या भावानं तुझ्या पोरीला सरकारी कागदावर येडी लिहिलंय. बस्स. आणखी एक शब्द नाही. ती मला म्हणाली, “आता गप बस आणि गंमत बघ.”

चौकशीच्या दिवशी गोडाउन गच्च भरलं होतं. प्लॉटवाले आपापले नंबर सोडून आमच्याच भोवती. एका बाजूला काका, एका बाजूला मी आणि आत्या. तो नांदेडहून आला होता, पण साहेबांनी त्याला बाहेर बसवलं, कारण त्याच्या डोक्यावर कुणी हरकत घेतली नव्हती.

साहेबांनी काकांना विचारलं, “वेडेपणाचा पुरावा?”

“साहेब, हिनं उदगीरचं स्थळ नाकारलं. पेट्रोल पंप होता त्यांचा. हायवेला!”

मागून कुणीतरी हळहळलं.

“पेट्रोल पंप नाकारणं म्हणजे कायद्यानं वेड होत नाही,” साहेब म्हणाले. “आणखी?”

“हिला आम्ही समजावलं, तर ही हसती.”

साहेब माझ्याकडे वळले. तुमचं नाव, वय, नोकरी. मी नीट उत्तरं दिली. मग ते म्हणाले, “आपण आत्ता कोणत्या जिल्ह्यात आहोत?”

“उस्मानाबाद,” मी म्हणाले.

जन्मभराची सवय. तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. भूगोलाची मास्तरीण! काका उभेच राहिले. “बघा! बघा साहेब! आपला जिल्हा कुठला ते ठावं न्हाई!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग टेबलावरचा रबरी शिक्का उचलला, पालथा करून पाहिला आणि सगळ्यांना दाखवला. त्यावर उस्मानाबादच होतं. नवा शिक्का अजून मिळाला नव्हता; साहेब शिक्का मारायचे आणि पेनानं खोडून वर लातूर लिहायचे.

“या हिशेबानं,” ते म्हणाले, “अख्खी कचेरी तपासावी लागेल.”

लोक हसायला लागले आणि तेवढ्यात अप्पा आले. धोतराचा सोगा हातात, टोपी तिरपी, थेट एस.टी. स्टँडवरून चालत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते भावासमोर जाऊन उभे राहिले.

“जात म्हण. बोअर म्हण. तुला काय म्हणायचं ते म्हण. येडी कामून म्हणलास?”

“अण्णा,” काका थोरल्या भावाला कळवळून म्हणाले, “यादीत दुसरं काहीच बसंना!”

“मग घरी बसायचं! उद्या धाकट्या पोरीला बघायला पाव्हणे आले अन् त्यांनी विचारलं, घराण्यात येड हाय म्हणं, कागदच हाय सरकारी, तर काय सांगू?” मग अप्पा साहेबांकडे वळले. हात जोडून आमच्या लिंगायती रिवाजानं नमस्कार घातला. “शरणार्थी, साहेब. मी मुलीचा बाप. ही शहाणी हाय. लई शहाणी हाय. तेच तर दुखणं हाय. लिहून घ्या.”

“तुमची या लग्नाला हरकत आहे का?”

अप्पांच्या तोंडावर एकापाठोपाठ एक काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. स्वामी, निलंगा, सोयरे. मग त्यांनी भावाकडे एक नजर टाकली.

“माझी?” ते म्हणाले. “लग्न मीच लावायलोय.”

काकांनी हरकत मागं घेतली. आत्या मला कोपरानं ढोसत होती. मला मात्र रडू फुटलं. वेडी म्हटल्याचं नव्हे, अप्पांची टोपी तिरपी होती त्याचं. कचेरीत शिरताना ते कधी टोपी तिरपी ठेवत नसत.

आता अप्पा लग्न लावत होते म्हटल्यावर जागेचा प्रश्न आला. गोडाउनात त्यांना चालणार नव्हतं. “चोर-भामट्यांच्या रांगेत माझी पोरगी उभी राहणार न्हाई.” मायचाही निरोप आला की, सासऱ्यांच्या जमिनीच्या भानगडीत तिच्या नवऱ्याचं आयुष्य कचेऱ्यांत गेलं; ती कचेरीचा उंबरा चढणार नाही. लग्नाआधीच अप्पांचं आणि मायचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, ते कचेरीच्या विरोधात.

साहेब म्हणाले, जादा फी भरून अर्ज दिलात तर मी बाहेर येईन, पण वाजवी अंतरात आणि माझ्या हद्दीत. म्हणजे नायगाव बाद. माय म्हणाली, मग निलंगाही बाद. शाळेचा हॉल मागितला, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, पोरींना नको ते वळण लागेल. बाई तो धुळीचा लोट विसरल्या नव्हत्या. रेस्ट हाऊस दुष्काळ पाहणीच्या पथकानं अडवलेलं. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं सांगितलं, हॉल देतो, पाणी तुमचं तुम्ही आणा.

शेवटी जागा अप्पांनी काढली. अहमदपूरच्या पलीकडे, नांदेडच्या वाटेवर, जिल्ह्याच्या अगदी कडेला, त्यांच्या अडतीवर गूळ घालणाऱ्या एका बागायतदाराचं गुऱ्हाळ होतं. ऊस वाळून गेलेला, त्यामुळे गुऱ्हाळ बंद. मोठी शेड, गार सावली, शेजारी विहीर. मायला नांदेडकडून जवळ, साहेबांना हद्दीत, आणि अप्पांना आपल्या माणसाचं. साहेबांनी नकाशा बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अंतर वाजवी आहे, असं मी समजतो.”

मे महिन्यातला दिवस. आम्ही सकाळी पोचलो. गूळ आटवायची मोठी कढई, काहील, पालथी घालून तिच्यावर सतरंजी अंथरली होती, तेच टेबल. नायगावची मंडळी टेम्पोतून आली. माय उतरली, तिनं शेड बघितली, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “जेवतीस का न्हाई वेळेवर?” अप्पा आणि तिनं एकमेकांना नमस्कार केला तो दोन पहिलवान आखाड्यात करतात तसा.

साहेब मात्र येईनात. तहसीलची जीप त्यांना आणणार होती. ती टंचाईच्या कामाला गेली. ऊन चढलं. आणि मग धुळीतून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरशेजारी, मांडीवर रजिस्टर, रजिस्टरवर टॉवेल, असे साहेब बसले होते. अहमदपूरच्या स्टँडवर त्यांना तेवढंच वाहन सापडलं.

टँकर त्या गुऱ्हाळाच्या विहिरीत रिकामा व्हायचा, हे बागायतदारानं आम्हाला सांगितलं नव्हतं. हॉर्न वाजला मात्र आणि वस्तीवरून बाया, पोरं, घागरी, दोरं, पोहरे यांचा लोंढा आला. साहेब टँकरमधून उतरायच्या आत शेड रिकामी झाली. अप्पा म्हणाले, “आधी मुहूर्त—” म्हणजे त्यांनी गुपचूप मुहूर्तही काढला होता.

माय त्यांना म्हणाली, “आधी पाणी. पाव्हणे, लग्न काय आटून चाललंय?” आणि तिनं पदर खोचून विहिरीवर रांग लावली.

त्या गडबडीत कुणीतरी नवरदेवाला ओळखलं. पाणीवाले साहेब! तीन-चार म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. साहेब, आमच्या वस्तीला पॉइंट दाखवा. तो म्हणाला, आज माझं लग्न आहे. ते म्हणाले, हाव, पर इथंच हाय, बांधापलीकडं. आणि नव्या कपड्यांत, बाशिंग नाही तर निदान फेटा बांधलेला माझा नवरा बांधापलीकडं दिसेनासा झाला.

पाणी संपलं, बाया गेल्या, मंडळी शेडमध्ये परतली. नवरा नाही. साहेब घड्याळ बघत होते. त्यांना लातूरची एस.टी. गाठायची होती. अप्पांनी बळेच आणलेले काका खांबाला टेकून बसले होते. ते अगदी हळू म्हणाले, “पळाला.” पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल काळजी होती.

मी भर उन्हात बांधावर जाऊन उभी राहिले. दूर एका पळसाखाली तो दगडावर दगड रचून खूण करत होता आणि म्हातारे मान हलवत होते. मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्याला हाक मारली. एकेरी. सगळ्यांनी ऐकली.

तो धुळीनं माखून आला. आता साक्षीदार दोनच. तिसरा, त्याचा ऑफिसातला मित्र, वाटेत एस.टी. बिघडल्यानं अडकला होता. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि टँकरच्या ड्रायव्हरला बोलावलं. तो हात पुसत आला. “सही येती, पर हे लग्न टिकंल ना? माझं नाव हाय खाली.”

साहेबांनी वाक्य सांगितलं. नवरदेवानं म्हटलं, “मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो.” नीट म्हटलं. माझी पाळी आली. आत्या समोर, सासू समोर, मी तोंड उघडलं आणि बांधावरचा आवाज तसाच बाहेर आला: “मी तुला माझा कायदेशीर नवरा म्हणून स्वीकारते.”

आत्यानं पदर तोंडाला लावला. अप्पा छताकडे बघायला लागले. मी साहेबांना विचारलं, परत म्हणू का? ते रजिस्टरातून वर न बघता म्हणाले, “कायद्याला ‘तू’ चालतं.” आणि माय खदखदून हसली. “बरं झालं. आधीच कळलं.” तिनं पदराच्या गाठीतून हळदीनं पिवळी केलेली ज्वारी काढली आणि आमच्यावर उधळली. ती गाठ तिनं नायगावहूनच बांधून आणली होती. साहेबांच्या टकलावरही चार दाणे पडले. ते त्यांनी पाहिले नाहीत.

“झालं?” आत्या म्हणाली. “एवढंच? अजून एकदा म्हणायला लावा की.”

“एकदाच पुरतं, आजी.”

जेवणं झाली. पिठलं, भाकरी, बुंदी. मग पुन्हा पेटलं: पोरगी आज कुठल्या घरी जाणार? अप्पा म्हणाले, लग्न माझ्या मांडवात झालं, आधी निलंगा. माय म्हणाली, सून माझी, आधी नायगाव. आवाज चढायला लागले. आत्यानं काठी आपटली आणि कानडीत ‘पुरे’ म्हणून ओरडली. “साकु! या साहेबाला लातूरला कोण पोचवणार?” जीप टंचाईला गेलेली, टेम्पो नायगावचा. म्हणून आम्ही दोघं आणि साहेब टँकरमध्ये बसून अहमदपूरच्या स्टँडवर आलो आणि लातूरची एस.टी. धरली. एस.टी.त साहेबांना झोप लागली. नवऱ्याचा एक खांदा त्यांनी घेतला, दुसरा माझ्या वाट्याला आला.

पुढं महिन्याभरात निलंग्यात स्वामींनी आमचं लग्न परत लावलं आणि नायगावला मारुतीपुढं तिसऱ्यांदा लागलं. मी दोन्हीकडं ‘अहो’ म्हणाले. काका निलंग्यात वाढायला होते. त्यांनी माझ्या पानात बुंदी वाढली ती थांब म्हणेपर्यंत, आणि मी थांब म्हटलं नाही. अप्पा पुढं निलंग्यात सांगायचे की, जिल्ह्याच्या साहेबाला मी गावाकडं बोलावून घेतलं. माय नायगावात सांगायची की, निलंग्याच्या शेटजीला मी आमच्या हद्दीपर्यंत यायला लावलं. कुणी आमच्याकडं खातरी करायला आलं की आम्ही दोघं मान डोलवायचो, जो कोणी विचारील त्याच्या गावाप्रमाणे.